'सॉरी'चं वजन किती, ते कळव

५ मार्च

चि. टकळीस,

आजीचा आशीर्वाद, आणि पाठोपाठ एक काम. नुसत्या आशीर्वादासाठी मी पाकीट खर्च करत नाही, हे तुला माहीत आहे.

अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं. मधे एखादं वाक्य फारच शहाणं वाटलं तर ते तिचं समज. लिहून झालं की मी सगळं वाचून घेते, त्यामुळे तिला इकडचं तिकडे करता येत नाही. हे लिहिताना तिने ओठ आवळलेत. लिही, तेही लिही.

तर बातमी. धाकटीने माफी मागितली.

हे वाक्य हवं तर दोनदा वाच. मीही तुझ्या आईकडून दोनदा वाचून घेतलं. माझी सख्खी धाकटी बहीण, तुझी मावशीआजी, अकरा वर्षं माझ्याशी शब्द न बोललेली, ती परवा फोनवर मला "सॉरी" म्हणाली. मीही मोठ्या मनाने म्हटलं, "असू दे, माफ केलं तुला," आणि फोन ठेवून दिला. चांगली गोष्ट लांबवली की बिघडते.

भांडण झालं त्या दिवशी तू शाळेच्या सहलीला गेली होतीस, म्हणून तुला ते तुझ्या बापाच्या तोंडून ठाऊक, म्हणजे पार मिळमिळीत. माझ्याकडून ऐक. या घरात राहायला आलो तेव्हाचं पहिलं जेवण. आदल्या दिवशी घराच्या कागदांवर मी अंगठा दिला होता. तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात शर्टांची काजं केली, सुई टोचून टोचून अंगठ्यावर रेषाच राहिल्या नाहीत. कारकुनाने चार वेळा अंगठा उठवला, चारही वेळा नुसता डाग. हे मीच जेवताना रंगवून सांगत होते. आपल्यावर आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याला जागा उरत नाही, अशी माझी समजूत. धाकटीने जागा काढली. म्हणाली, "ताईचा अंगठासुद्धा अशुद्ध लिहितो."

सगळं टेबल हसलं. तुझा बाप हसला. तुझ्या आईला ठसका लागला. तो कसला ठसका होता, हे तिने आजवर कबूल केलेलं नाही.

मग मीही दोन शब्द बोलले. दोनच. काय ते आता आठवत नाही. (सूनबाई, आठवत नाही असंच लिही.) धाकटीने चमचा खाली ठेवला, हात धुतले, चपला घातल्या आणि गेली. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या तब्येतीची चौकशी तिसऱ्याच माणसाकडे करतो.

ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, आठवतं ना? खुर्चीत ताठ बसायची, कानावर तो लोखंडी पट्टा, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप केस नीट करावेत. तीन मिनिटं झाली की लाइन तोडायची. तिथे नातं नाही, गोतं नाही. असल्या बाईच्या तोंडून माफी म्हणजे गंमत नाही.

आता काम. ती या अठ्ठावीस तारखेला कायमची मुलाकडे चालली आहे, समुद्राच्या पलीकडे. घर रिकामं करते आहे. आमच्या वयात कायमचं म्हणजे खरोखरच कायमचं असतं. जाण्याआधी एकदा भेटून यावं असं मनात आहे. पण माझ्या पायरीने जावं ना? म्हणून विचारते, या 'सॉरी'चं वजन किती? बसमध्ये कोणी पाय तुडवला तरी सॉरी म्हणतो, आणि दूधवाला दूध न देता जातो तेव्हाही सॉरी. पाय तुडवला तेही सॉरी आणि अकरा वर्षांचा अबोला तोही सॉरी? हा शब्द पुरतो का? की अजून काही येणं बाकी आहे?

तू शब्दकोशाच्या कचेरीत बसतेस. दिवसभर शब्दांचे आईबाप शोधतेस. याचेही शोध आणि कळव.

तुझी,
आजी
(खालचा डाग म्हणजे अंगठा)


९ मार्च

प्रिय आजी,

तुझा डाग पोचला. मला शाळेच्या दाखल्यावरच्या शिक्क्यापेक्षा तो जास्त ओळखू येतो.

तुझा प्रश्न मी कचेरीत मोठ्याने वाचून दाखवला. आमचे संपादक एरवी चहा येईपर्यंत मान वर करत नाहीत. ते म्हणाले, "वजन विचारणारी पहिली बाई."

तर ऐक. 'सॉरी' हा शब्द 'सोर' या शब्दाच्या पोटचा. सोर म्हणजे दुखरं, हुळहुळं. तुझ्या बोटाला सुई टोचायची आणि मग साबण लागला की तू जे तोंड करायचीस, ते सोर. फार जुन्या इंग्रजीत सॉरी म्हणजे ज्याच्या आत दुखतंय असा माणूस. माफीचा त्यात संबंधच नव्हता. आपल्या हातून झालेल्या गोष्टीचं दुखतंय, हा अर्थ मागाहून जोडला गेला, आणि शेवटी पाय तुडवण्यापर्यंत आला.

एक गंमत सांगते. इंग्रजीत 'सॉरो' असाही शब्द आहे, दुःख या अर्थाचा. लोकांना वाटतं ही दोघं सख्खी भावंडं. पण घराणी वेगळी. शेजारी शेजारी राहून आवाज सारखा झाला, असं जाणकार मानतात.

दुसरा अर्थ, दीनवाणं, केविलवाणं. मोडक्या खुर्चीलाही सॉरी म्हणता येतं.

तिसरा अर्थ मात्र मी जपून लिहिते. आवाज शेवटी वर नेऊन "सॉरी?" म्हटलं तर त्याचा अर्थ होतो, "काय म्हणालात? ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." टेलिफोनवर बोलणाऱ्यांच्या तोंडात हा अर्थ फार बसलेला असतो.

तेव्हा दोन गोष्टी कळव. मावशीआजीचा आवाज शेवटी खाली गेला होता की वर? आणि ती सॉरी म्हणण्याआधी तू काय बोलली होतीस?

तुझी,
टकळी


१३ मार्च

चि. टकळीस,

तुझं पत्र तुझ्या आईने वाचलं. तिसऱ्या अर्थापाशी ती जरा जास्तच हळू वाचत होती.

पहिल्यांदा घराण्याचं. शेजारी राहून चेहरा सारखा झाला, रक्ताचं नातं काही नाही, हे मला लगेच पटलं. तुझ्या आईची आणि माझी गोष्ट तीच आहे. सव्वीस वर्षांपूर्वी ती आली तेव्हा गोड बोलायची. आता दारावर सेल्समन आला की आवाज माझा निघतो, आणि लोक म्हणतात, लेक आईवर गेली.

आता तुझा प्रश्न. आवाज वर होता की खाली, हे कोणी बघतं का? मी काय गाणं ऐकत होते? माफी मागणाऱ्याचा आवाज जरा कापतो, कापताना वर जातो, इतकं साधं आहे. आणि आधी मी काय बोलले म्हणून विचारतेस, तर काहीच नाही. मी का बोलेन? तिचा फोन, तिची माफी. मी फक्त कान दिला.

तू फार शिकलीस, टकळे. माणूस एका शब्दाचे तीन अर्थ करायला लागला की घरातल्यांनी बोलायचं कसं? मी आता फोनला हात लावणार नाही. तसंही त्या यंत्राने माझं कधी भलं केलेलं नाही.

सत्तावीस तारखेला मी जाणार. नवीन साडी काढून ठेवली आहे. माफ करणाऱ्या बाईला शोभेल अशी.

तुझी,
आजी

वाचून दाखवून झालं. आजी आत गेल्या आहेत, पाकीट चिकटवण्याआधी घाईत लिहिते. फोन मावशींनी केला नव्हता, आजींनी करायला लावला. मावशी कायमच्या चालल्या हे कळल्यावर दोन दिवस जेवण धड नव्हतं. नंबर कुठे सापडेना, तर आजींनी तो धडाधडा तोंडपाठ सांगितला. आकडा वाचता येत नाही, पण अकरा वर्षं तो डोक्यात होता. मी फिरवून हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबले. आजी टेलिफोनच्या वायरीकडे बघत अगदी हळू म्हणाल्या, "तेव्हा माझं चुकलं गं." माझ्याच कानावर कसंबसं आलं. मग पलीकडून मावशींचा आवाज आला, तो मलाही ऐकू आला, "सॉरी?" आणि मग आजी घर दणाणून, "असू दे, माफ केलं तुला."

तूच सांग मी आता काय करू.
आई


१४ मार्च

ताईस,

तुझा कॉल या महिन्याच्या तीन तारखेला मिळाला. मी रिसीव्हर उचलला, कोण बोलतंय ते विचारलं. तुझा आवाज ओळखला. त्यानंतर लाइनवर खरखर होती, पुढचं नीट आलं नाही म्हणून मी ते पुन्हा सांगायला सांगितलं. तेव्हा तू म्हणालीस की तू मला माफ केलं आहेस.

मी तीस वर्षं एक्सचेंजमध्ये काम केलं. चुकीचे नंबर लागलेले पाहिले. मागणी न नोंदवता माफी पोचलेली प्रथमच पाहिली.

त्या दिवशी जेवताना तू मला जे म्हणालीस, ते मी इथे लिहीत नाही. हे पत्र तुझी सून वाचून दाखवणार, आणि तिने ते एकदा ऐकलेलं आहे. ते दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. ऑपरेटरला ते कोणीही म्हणतं. तू म्हणायला नको होतंस. का, ते तुला ठाऊक आहे आणि आता उगाळण्यात काही अर्थ नाही.

सत्तावीसला भेटायला येणार असल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं. येऊ नकोस. सामान बांधून झालं आहे. घरात बसायला खुर्चीसुद्धा नाही.

धाकटी


१६ मार्च

टकळे,

आज आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

धाकटीचं पत्र आलं. तुझ्या आईने ते वाचलं, सबंध, एकही शब्द न गिळता, कारण मीच तशी सवय लावली आहे. आता पस्तावते. सासू-सुनेत थोडी फसवाफसवी असलेली बरी असते.

तिने माफी मागितलीच नव्हती. तुझा तिसरा अर्थ खरा. मी माझी माफी वायरीला सांगितली, तिला काही पोचलं नाही, तिने पुन्हा विचारलं, आणि मी तिला माफ करून मोकळी झाले. इतका मोठेपणा माझ्या अंगात एरवी येत नाही, आला तो नेमका चुकीच्या ठिकाणी. वर चार घरी सांगून आले. शिंपीणकाकूंनी माझं तोंड गोड केलं. पलीकडची डॉक्टरीणबाई म्हणाली, "मन मोठं आहे तुमचं." मी मान हलवली. आता जिन्यात कोणी दिसलं की मी बूट शोधत असल्यासारखी वाकते, आणि मी बूट घालत नाही.

फोन मीच केला होता, हे तुला बहुतेक कळलं असणार. तुझी आई पाकिटाला डिंक लावायला हल्ली फार वेळ घेते. (हिने पेन थांबवलं आहे. लिही गं, रागावले नाही.)

आता ते दोन शब्द. दोन नव्हते. लाज वाटते म्हणून मोजून कमी केले होते. "तुला हसायला काय जातं? तू आयुष्यभर लोकांची बोलणी चोरून ऐकून पोट भरलंस." असं मी म्हणाले. सगळ्यांसमोर. टेबलावरचं कोणी हसलं नाही.

तुला यातलं वाईट कळणार नाही, तुमच्या हातातल्या फोनला मधे माणूस नसतो. तेव्हा दोन माणसांच्या बोलण्यामधे एक ऑपरेटर बसलेली असायची. तिने ठरवलं तर गावातलं एकूण एक घर तिच्या कानात. धाकटी घरी येऊन कधी चकार शब्द बोलली नाही. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची नोकरी गेली, आधी तिच्या हाताखालून जायचं आणि आम्हाला ते महिन्याने बाजारात कळायचं. तेवढी एकच गोष्ट होती तिच्याकडे मिरवण्यासारखी, आणि मी नेमकी तीच उचलून फेकली. का, तर माझा अंगठा हुळहुळला म्हणून. तुझा पहिला अर्थ, सोर. दुखलं मला, आणि टोचली तिला.

तुझ्या पुस्तकातला दुसरा अर्थही घालून टाक. केविलवाणी ती मोडकी खुर्ची म्हणजे मी. माझ्या नावापुढे लिहून ठेवा, पुढच्या पिढ्यांना समजायला सोपं जाईल.

ती येऊ नको म्हणते. अठ्ठावीसला जाते. बारा दिवस राहिले. तूच माझ्यातर्फे तिला पत्र लिही, चांगल्या शुद्ध भाषेत, तुझ्या कचेरीला शोभेल असं. मी खाली अंगठा देईन.

आजी


१९ मार्च

प्रिय आजी,

पत्र लिहिणार नाही. रागवायचं तर रागव.

माझ्या शुद्ध भाषेतली माफी आली तर मावशीआजी ती लाल पेनाने तपासून परत पाठवेल. तिला तुझी अशुद्ध हवी आहे.

आता मी एक शपथ मोडते. गेल्या महिन्यात मावशीआजी दोन दिवस माझ्याकडे राहून गेली. इथल्या कानाच्या डॉक्टरकडे आली होती. डावा कान पूर्ण गेला आहे, उजव्याने निम्मं ऐकू येतं. त्या लोखंडी पट्ट्यात तीस वर्षं खरखर ऐकून झालं की काय, डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. तिच्या मागे उभं राहून मी चहा विचारला, तिने पान उलटलं. म्हणाली, "ताईला सांगायचं नाही. तिला वाटेल देवाने तिच्या बाजूने निकाल दिला." म्हणून मी तुला आवाज वर होता की खाली एवढंच विचारलं, पुढचं गिळलं.

लाइनवर खरखर नव्हती, आजी. तू हळू बोललीस आणि ती ऐकू शकली नाही. दोघींनीही एकमेकींना खरं सांगितलं नाही, आणि बिचाऱ्या लाइनला दोष.

तू जा. तिच्या उजव्या हाताला बस, तोंड दिसेल अशी. वायरीकडे बघायचं नाही. आणि मोठ्याने बोल.

टकळी

ता. क. खुर्ची नाही म्हणाली, म्हणजे येऊच नको असं नाही. शब्दकोशात आम्ही असल्या वाक्यांना दोन नोंदी देतो.


२७ मार्च

चि. टकळीस,

आशीर्वाद. आज जरा जास्तच घे, उरले आहेत.

अक्षर बदललेलं दिसलं असेल. हे धाकटीचं. तुझी आई खाली कोपऱ्यावरच्या दुकानात सुतळी आणायला गेली आहे आणि मुद्दाम परत येत नाहीये. धाकटी जमिनीवर बसून एका खोक्यावर कागद ठेवून लिहिते आहे. मी सांगते. ही शाळेत होती, मी नवी नवरी होते आणि तुझे आजोबा दूर नोकरीला होते, तेव्हा माझी पत्रं हीच लिहायची. तेव्हाही माझ्या तोंडचे अर्धे शब्द वगळायची.

(वगळण्यासारखेच असायचे. — धाकटी)

सकाळच्या बसने आलो. मी घडीचं स्टूल बरोबर घेतलं होतं. खुर्ची नाही म्हणाली ना, मग नको तिचे उपकार. बसमध्ये ते तीन जणांच्या गुडघ्यांना लागलं. तिन्ही वेळा मी 'सॉरी' म्हटलं आणि प्रत्येक वेळी अर्थ क्रमांक सांगावासा वाटला.

दोन जिने चढून घंटी वाजवली. पाच वेळा. आत कपाटं सरकवल्याचे आवाज येत होते, दार काही उघडेना. तुझी आई म्हणाली, जोरात ठोकू का? म्हटलं नको, तिच्या शेजाऱ्यांना कळेल. स्टूल उघडलं आणि दाराबाहेर बसले. नवी साडी, हातात पिशवी, बंद दारासमोर स्टुलावर म्हातारी. वरच्या मजल्यावरचा एक गृहस्थ उतरताना थबकला आणि विचारता झाला, "आधार कार्डाची लाइन इथे आहे का?" मी म्हटलं, "माफीची आहे, तुमचा नंबर माझ्यामागे."

वीसएक मिनिटांनी धाकटी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आली. मला पाहिलं. स्टूल पाहिलं. म्हणाली, "हे आणलंस?" मी म्हटलं, "खुर्ची नाही म्हणालीस." ती हसली नाही. पण दार उघडं ठेवून आत गेली.

आत खरंच काही नव्हतं. भिंतींवर तसबिरींचे चौकोन, आणि खोकी. मी तू सांगितल्यासारखी तिच्या उजव्या हाताला स्टूल टाकलं. पाठ केलेलं सगळं विसरले. मग तिच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "तेव्हा माझं चुकलं गं."

ती म्हणाली, "सॉरी?"

मी जरा मोठ्याने म्हटलं. ती पुन्हा, "सॉरी?" तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की रिकाम्या खोलीने माझीच माफी मला परत दिली. "माझं चुकलं! तू कधी कोणाचं ऐकलं नाहीस! मी खोटं बोलले!" जिन्यात आधार कार्डवाल्याची पावलं थांबली. मी अकरा वर्षांपूर्वी दहा माणसांसमोर अपमान केला होता, माफी अख्ख्या इमारतीसमोर झाली. बरोबरच आहे.

मग धाकटीने हळूच कानावरचे केस मागे केले. तिथे वालाच्या दाण्याएवढं यंत्र. मुलाने पाठवलं, सोमवारी आलं. खोकी सरकवताना काढून ठेवलं होतं, मला दारात पाहून आत जाऊन चढवलं. म्हणाली, "पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. अगदी स्वच्छ."

(ताईचा अंगठा एका वेळेत उठत नाही, म्हणून माफीही तीनदा उठवून घेतली. — धाकटी)

आता इथून पुढचं ती लिहायला तयार नाही. मी म्हटलं, माझं पत्र आहे, मी सांगेन ते लिहायचं. ऑपरेटरने मधे बोलायचं नसतं. तर लिही.

मी स्टुलावर, ती खोक्यावर. मग ती म्हणाली, "ताई, तू म्हणालीस ते खोटं नव्हतं. तीस वर्षांत मी एकदा ऐकलं होतं. एकदाच. तुझा कॉल."

टकळे, तुला हे कोणी सांगितलेलं नाही. तुझ्या बापाच्या आधी मला एक मुलगा झाला होता. नऊ दिवस होता. तुझे आजोबा दूर, पत्र पोचायला आठवडा. मी एक्सचेंजमध्ये गेले, दुपारची वेळ, धाकटी खुर्चीवर. तिने ट्रंक कॉल जोडून दिला आणि मला फोनवर बोलायच्या त्या लाकडी खोक्यात उभं केलं. पलीकडून ते "बोल, बोल" म्हणत राहिले. माझ्या तोंडून शब्द निघेना. मग त्यांनाही कळलं असणार, कारण तेही गप्प झाले. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की कॉल फार वेळ चालला. तीन मिनिटांची शिस्त होती तिची. मला इतकी वर्षं वाटत होतं, त्या दिवशी घड्याळ बंद असेल.

"घड्याळ चालू होतं," धाकटी म्हणाली. "नऊ मिनिटं झाली. तुम्ही आहात की लाइन गेली, हे बघायला मी ऐकायचा प्लग लावला. तेवढंच बघून काढायला हवा होता. काढला नाही."

मी विचारलं, "काय ऐकलंस?"

"काही नाही. तुम्ही दोघं काही बोललाच नाहीत. मी तेच ऐकत बसले."

आणि म्हणून, मी त्या जेवणाच्या टेबलावर ते बोलले तेव्हा तिला वाटलं, मला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं माहीत असून मी ते राखून ठेवलं, आणि एका अंगठ्यासाठी सगळ्यांसमोर बाहेर काढलं.

मला काहीच माहीत नव्हतं. मी फक्त वाईट बोलले होते.

मी काही बोलायला गेले आणि माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "सॉरी." आवाज वर गेला की खाली, मला विचारू नकोस. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. तिला कळेना, मला ऐकू आलं नाही, की मी माफी मागते आहे, की मला दुखतंय. मलाही कळेना. तुमच्या कचेरीत विचारून बघ, एका वेळी तिन्ही चालतात का.

मग तिने ऐकू आलं नाही असं धरलं. माझा हात हातात घेतला, आणि पहिल्यापासून, ती दुपार, ते खोकं, ते घड्याळ, सगळं पुन्हा सांगायला लागली.

तुझी आई आली. सुतळी नको एवढी आणली आहे. उद्या सकाळी आम्ही दोघी धाकटीला गाडीत बसवून परत येऊ. स्टूल ती मागते आहे. म्हणते, तिकडे मुलाच्या घरी खुर्च्या आहेत, पण आपलं काही नाही.

तुझी,
आजी

(वरचा डाग ताईचा. शेजारचा माझा. मुद्दाम दिला, किती शुद्ध येतो ते बघायला. तिच्याहून वाईट आला आहे. — धाकटी)